माळेगावच्या तंबूतून : माझे आजवरचे सर्वांत आवडते सिनेमे

मन्याडकाठ

नमस्कार मंडळी. आवडत्या सिनेमांची यादी करायला मी कितीदा तरी बसलो आणि दरवेळी पाच-सहा नावांपुढं गाडी अडली. पाहिलेले सिनेमे शेकड्यांनी आहेत, चांगले म्हणावेत असेही पुष्कळ आहेत. पण 'हा माझा' म्हणताना हात आखडतो. शेवटी मनाशी एक कसोटी ठरवली. सिनेमा संपल्यावर माझ्या ओळखीचं कुणी आठवलं का? आणि त्या माणसाकडं आपण आजवर नीट बघितलंच नव्हतं, असं वाटलं का? ज्या सिनेमांनी हे केलं तेवढेच इथं मांडतो. तुमचेही येऊ द्या.

आमचं गाव कंधार तालुक्यात. लहानपणी सिनेमा म्हणजे वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत. थोरले काका गाडी जुंपायचे. खाली कडबा, त्यावर वाकळ, आणि फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी. जत्रेत एका अंगाला तमाशाचे फड, एका अंगाला टुरिंग टॉकीजचे तंबू आणि पलीकडं बैल, घोडे, गाढवं यांचा बाजार. काका आम्हा पोरांना त्या बाजाराच्या वाटेनं कधीच नेत नसत. मोठा वळसा घालून तंबूपाशी सोडत आणि गाडीकडं परत जात. स्वतः कधी आत आले नाहीत. तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पडदा तंबूच्या मधोमध बांधलेला असायचा. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. मशीन आमच्या बाजूला, त्यामुळं बायकांना सगळं उलटं दिसायचं. गाडीत बसल्यावर आई म्हणायची, "तुमचा हिरो उजव्या हातानं मारायला, आमचा डाव्या हातानं." परतीच्या वाटेवर सगळी गोष्ट पुन्हा सांगितली जायची. काका बैलांच्या शिंगांमधून समोर बघत ऐकायचे. मागं वळायचे नाहीत, पण मधूनच विचारायचे, "मग?"

पुढं नांदेडला डी.एड. करताना मॅटिनीला 'तीसरी कसम' पाहिला आणि पहिल्या पाच मिनिटांतच मी त्या तंबूबाहेरच्या गाडीत जाऊन बसलो. १९६६ चा सिनेमा. फणीश्वरनाथ रेणूंची कथा, बासू भट्टाचार्यांचं दिग्दर्शन, आणि पैसा लावला गीतकार शैलेंद्रनं. पहिल्यांदा लागला तेव्हा चालला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात शैलेंद्र गेले. नंतर त्याच सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. हिरामन गाडीवान (राज कपूर) जत्रेतल्या नौटंकीच्या बाईला, हिराबाईला (वहिदा रेहमान), गाडीतून नेतो. एवढीच गोष्ट. पण तो तिच्याशी बोलतो कसा ते बघा. तोंड पुढं, नजर बैलांवर, आणि शब्द मागं बसलेल्या माणसासाठी. लाजला की 'इस्स' म्हणतो. आमचे काका असेच बोलायचे. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्यांना आमच्या बोलण्यात रस नाही. गाडीवान मागं वळत नाही, पण त्याचे कान मागंच असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरा 'पाथेर पांचाली' (१९५५). दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले सिनेमे लागत, तेव्हा शेजारच्या घरी पाहिला. बंगालीचं अक्षर कळत नव्हतं. खालच्या इंग्रजी ओळी वाचेपर्यंत पळून जायच्या, म्हणून वाचणं सोडून दिलं आणि नुसतं बघत राहिलो. त्यातली म्हातारी, इंदिर ठाकरून. चुनीबालादेवींनी केलेली. पाठीत वाकलेली, तोंडाचं बोळकं, भावजयीनं बोल लावला की आपलं बोचकं उचलून घराबाहेर पडणारी आणि पुन्हा त्याच दारात येणारी. आमच्याकडं आजोबांची बालविधवा बहीण होती. सगळे तिला 'आत्याबाई' म्हणत. तीही असंच बोचकं बांधून महिना या भावाकडं, महिना त्या भावाकडं. ती आली की आम्हाला गोड खायला मिळायचं म्हणून आनंद व्हायचा. ती का येते आणि का जाते, हे कुणी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आणि तो हार. शेजारणीचा मण्यांचा हार दुर्गानं चोरल्याचा आळ येतो, आई तिला केसाला धरून बाहेर काढते. दुर्गा मेल्यावर घर सोडताना अपूला तो हार फळीवरच्या करवंटीत सापडतो. तो कुणाला सांगत नाही. धावत जातो आणि हार तळ्यात टाकतो. पाण्यावरचं शेवाळं क्षणभर बाजूला होतं, काळं पाणी दिसतं, आणि शेवाळं हळूहळू पुन्हा जुळून येतं. एवढ्याशा पोरानं बहिणीची चोरी कायमची झाकली. मी तेव्हापासून आजवर तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल, पण शेवाळं जुळत येतं तेव्हा घसा दाटतोच.

फार उशिरा कळलं की 'पाथेर पांचाली' आणि 'तीसरी कसम', दोन्हींचा कॅमेरा सुब्रत मित्रांचा. माझे पहिले दोन सिनेमे एकाच माणसाच्या डोळ्यांनी दाखवले होते.

तिसरा 'सामना'. जब्बार पटेल, विजय तेंडुलकर, निळू फुले, श्रीराम लागू. हा १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला होता. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव आणि कुठून तरी आलेला दारुडा मास्तर, जो एकच प्रश्न धरून बसतो : मारुती कांबळेचं काय झालं? आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी होते. प्रत्येक ग्रामसभेत उठून विचारायचे, "पाझर तलावाचं काय झालं?" लोक हसायचे. मीही हसलोय. 'सामना' बघितला त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, आणि त्यांनी सगळे कागद काढून दाखवले. पिशवीभर कागद.

चौथा 'फँड्री'. नागराज मंजुळेंचा, २०१३ चा. मी शिक्षक आहे, म्हणून हा माझ्यावर आणखी जड गेला. डुकरामागं पळत असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं, गावातली डुकरं पकडणाऱ्या घरातल्या त्या शाळकरी पोराचं, सगळं घर जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निघून जातं. नंतर बांधलेलं डुक्कर नेताना मागं शाळेची भिंत, भिंतीवर फुले, शाहू, सावित्रीबाई, आंबेडकर. माझ्या वर्गात एक मुलगा होता, ठरावीक दिवसांनी गैरहजर असायचा. विचारलं की "घरी काम होतं" म्हणायचा. हजेरीपटावर मी आडवी रेघ मारायचो आणि पुढचं नाव घ्यायचो. ते काम कोणतं, हे मी पूर्ण वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.

पाचवा 'जैत रे जैत' (१९७७). इथं माझी कसोटी बाजूला ठेवतो, कारण हा बघताना कुणी आठवलं नाही. ठाकर लोकांचं जग, तो सुळका, ती राणीमाशी आणि स्मिता पाटील. पण गाणी आपल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांची. अजिंठ्याच्या डोंगराखाली शेती करणाऱ्या माणसानं कोकणपट्टीतल्या डोंगरातल्या लोकांना शब्द दिले आणि ते त्यांचेच वाटतात. महानोर २०२३ मध्ये गेले. त्या दिवशी आम्ही शाळेत 'नभ उतरू आलं' लावलं होतं.

एवढेच. आता तुम्ही लिहा.

दुधना

सर, फार सुंदर लिहिलंत. आत्याबाईवर थांबले. आमच्या घरी अशा एक होत्या, त्यांना 'माई' म्हणायचो. जास्त काही लिहवत नाही. 'पाथेर पांचाली' आज रात्री बघते.

बालाघाट

धागा आवडला, पण एक सांगू का? सगळे जड सिनेमे घेतलेत. माझ्या यादीत पहिलं नाव 'अशी ही बनवाबनवी'. आणि तुमच्याच कसोटीवर घेतो.

मी मूळचा बीडचा. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याला गेलो. एका खोलीत सहा जण. घरमालकाला सांगितलेले तीन. मालक आले की तिघांनी गच्चीवर जायचं. मेसचा डबा दोघांत एक. त्या काळात रूमवर कुणाच्या तरी लॅपटॉपवर हा सिनेमा चालूच असायचा आणि "धनंजय माने इथंच राहतात का" म्हटलं की सगळी खोली हसायची. १९८८ चा हा सिनेमा लोकांना साड्या नेसलेल्या पुरुषांचा वाटतो. आम्हाला तो खोली न मिळणाऱ्या चार पोरांचा वाटायचा. गंमत सगळी त्या एका अडचणीतून सुटते : राहायला जागा नाही, खिशात पैसे नाहीत, आणि मालकीणबाई एकट्या पुरुषांना खोली देत नाही. ही अडचण खरी आहे म्हणून ते सगळं सोंग आजही पटतं. आमच्या सहांपैकी दोघांची निवड झाली, चौघं गावाकडं परत गेले. मी परत गेलेल्यांतला. आजही टीव्हीवर लागला की त्या पाच जणांना फोन लावतो.

मन्याडकाठ

बालाघाट, तुमचं पूर्ण पटलं. मी या सिनेमाकडं असं पाहिलंच नव्हतं. माझ्या यादीत कमी होती ती अशा सिनेमाचीच.

रिळवाला

मास्तर, मी तालुक्याच्या गावी एका टॉकीजमध्ये २६ वर्षं ऑपरेटर होतो. आता टॉकीज पडून आहे, आत कापसाच्या गाठी ठेवतात. तुम्ही सगळ्यांनी पडदा समोरून पाहिलाय. मी केबिनच्या हातभर खिडकीतून पाहिला, म्हणून माझी आवड थोडी वेगळी आहे.

पेटी एसटीच्या टपावरून यायची. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सोळा-सतरा रिळं, एक रीळ दहा-अकरा मिनिटांचं. दोन मशीन. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं ओवून ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका येतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. सात सेकंदांनी दुसरा ठिपका, तेव्हा इकडचा पडदा पाडून तिकडचा उघडायचा. प्रेक्षकाला कळता कामा नये. मधे कार्बनच्या कांड्यांकडं लक्ष. त्या जळत जळत कमी होतात, अंतर वाढलं की पडद्यावर उजेड पिवळा पडतो. मग खालून शिट्ट्या. त्या ठिपक्याकडं डोळा लावून मी अर्धं आयुष्य काढलं. त्यामुळं कुठल्याही सिनेमाची शेवटची वाक्यं मला ठिपक्यासकट पाठ आहेत.

माझा सिनेमा 'मुघल-ए-आझम'. १९६० चा, पण आमच्याकडं पुढं कितीतरी वर्षं फिरून फिरून यायचा. आता सगळा रंगीत दाखवतात, २००४ मध्ये रंग भरले. मूळचा बहुतेक काळा-पांढरा आणि थोडीच रिळं रंगीत. शीशमहालाचं गाणं त्यात. ओवताना फिल्म हातात धरली की कळायचं, हे रंगाचं रीळ. मी त्या रिळाला नेहमी नव्या कांड्या लावायचो, अर्ध्या जळालेल्या कधी नाही. दुसरा ठिपका आला, पडदा उघडला, की खिडकीतून पडद्याकडं न बघता खाली लोकांकडं बघायचो. पाचशे-सहाशे माणसं एकदम हलायची. पुढच्या बाकावरचे हमाल, शेतगडी, दिवसभर मोंढ्यात पोती उचललेली माणसं, त्यांच्या चेहऱ्यावर तो लाल-सोनेरी उजेड पडायचा. एक म्हातारे मुसलमान चाचा प्रत्येक वेळी फक्त त्या रिळापुरते आत यायचे. दारावरचा पोरगा त्यांना सोडायचा. रीळ संपलं की सलाम करून जायचे.

एक गोष्ट मनाला लागून आहे, ती इथं लिहितो. शेवटची एसटी सव्वाबाराला असायची. उशीर झाला की मालक सांगायचे, एक रीळ गाळ. मी गाळलंय. लोक शेवट न बघता आनंदात घरी गेले, कारण गाडी मिळाली. पण त्यांना तो सिनेमा तसाच अर्धा आठवत असेल, हे आजही टोचतं.

दुधना

रिळवाला काका, तुमच्या प्रतिसादासाठी वेगळा धागा हवा. तो चाचांचा प्रसंग वाचून आईला मोठ्यानं वाचून दाखवला.

लातूरची लेक

माझा एकच. 'बायसिकल थीव्ज', इटलीचा, १९४८ चा, व्हित्तोरिओ दे सिकाचा. कॉलेजच्या फिल्म क्लबनं दाखवला होता. नोकरीसाठी सायकल हवी, ती गहाण पडलेली. मग बायको पलंगावरच्या चादरी काढते, धुते, आणि त्या गहाण ठेवून सायकल सोडवतात. गहाणवट घेणारा माणूस चादरींचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो. चढतच जातो. वरपर्यंत दुसऱ्यांची गाठोडी, शेकड्यांनी. त्या एका दृश्यात सगळं गाव गरीब झालंय हे कळतं, कुणी एक शब्द बोलत नाही.

आमची शेती औसा तालुक्यात. पेरणीच्या आधी आई पाटल्या घेऊन जायची, सुगी झाली की सोडवून आणायची. काही वर्षं नाही आणता आल्या. मी लहानपणी तिच्यासोबत एकदा त्या दुकानात गेले होते. तिथं लाकडी खणांच्या रांगा होत्या, प्रत्येक खणात चिठ्ठी लावलेल्या पुरचुंड्या. तेव्हा मला ते दुकान छान वाटलं होतं, औषधाच्या दुकानासारखं. सिनेमा पाहताना ते खण आठवले आणि मला उठून बाहेर जावं लागलं.

अजिंठा७२

'फँड्री'चा विषय निघालाय म्हणून लिहितो. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडं येतो. असाच एक दगड त्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधी श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये आहे. १९७४ चा, शबाना आझमींचा पहिला सिनेमा. जमीनदाराचा पोरगा मुक्या-बहिऱ्या किश्तय्याला चाबकानं मारतो, लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते, आणि सगळे पांगल्यावर एक लहान मुलगा त्याच्या खिडकीवर दगड मारून पळतो. पडदा लाल होतो. 'अंकुर'चा दगड घराच्या काचेवर बसतो, 'फँड्री'चा बघणाऱ्यावर. या दोन दगडांमधल्या काळात काय बदललं आणि काय नाही, यावर मी बरेचदा विचार करत बसतो.

'अंकुर' मला जवळचा आहे तो भाषेमुळंही. त्यातली तेलंगणातली माणसं दखनी, म्हणजे हैदराबादकडच्या वळणाची उर्दू, बोलतात. १९४८ पर्यंत आपण आणि ते एकाच निजामाच्या राज्यात होतो. माझी आजी औरंगाबादच्या जुन्या मोहल्ल्यात वाढली. घरात मराठी, दारात दखनी. "नक्को", "हौ", "कायकू" हे शब्द मी मुंबईच्या सिनेमात फक्त हसवायला वापरलेले ऐकले होते. 'अंकुर'मध्ये पहिल्यांदा त्या भाषेत माणसं रडताना ऐकली.

मन्याडकाठ

अजिंठा७२, दोन दगडांचं लक्षात आणून दिलंत, आभार. आता 'फँड्री' पुन्हा बघताना 'अंकुर' सोबत असेल. लातूरची लेक, काय लिहू? आईंना नमस्कार सांगा.

रिळवाला

मास्तर, एक विचारू? तुमचे काका आहेत का? असतील तर त्यांना 'तीसरी कसम' दाखवा. तंबूत कधी आले नाहीत म्हणालात. आता तंबू घरात आणता येतो.

मन्याडकाठ

काका आहेत. वय ऐंशीच्या आसपास. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दिसतं चांगलं. रविवारी गावी जाणार आहे. बघतो.

मन्याडकाठ

मंडळी, जाऊन आलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पोराकडून मोठा मोबाइल घेतला, ओसरीवर खांबाला टेकवला. काका बाजेवर, काकू खाली, मी उंबऱ्यात. सुरुवातीला त्यांनी माणसांकडं बघितलंच नाही. बैलांकडं बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "गाडी हाकायचं त्याला येतंय बरं. हाताला वढ हाय." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. हिरामनच्या दोन शपथा आल्या, चोरीचा माल भरणार नाही आणि बांबू भरणार नाही, तेव्हा मान हलवली. काकू मधेच उठून चुलीकडं गेल्या, त्यांना हात करून परत बसवलं.

शेवटी आगगाडी निघून जाते आणि हिरामन बैलांवर ओरडून तिसरी शपथ घेतो. मोबाइल बंद झाला. काका समोर अंगणाकडं बघत म्हणाले, "म्या बी घेतली व्हती."

मी विचारलं, "कसली?"

"बहात्तर साली. वैरण नव्हती, पाणी नव्हतं. माळेगावच्या जत्रंत दोन्ही बैल इकले. राज्या अन् सोन्या. घेणारा त्येंना न्यायला अन् ती दोघं मागं वळून मलाच बघायली. तवाच म्हनलं, ह्या बाजारात पुन्हा पाय ठेवनार न्हाई. नंतर नवी जोडी घेतली ती बी हाळीच्या बाजारातून आनली, माळेगावातून न्हाई."

काकूंना हे माहीत होतं. त्या फक्त म्हणाल्या, "म्हनून तर पोरांला वळसा घालून न्यायचे."

संध्याकाळी निघताना काका फाटकापर्यंत आले. म्हणाले, "त्यो दुसरा हाय म्हनला व्हतास, म्हातारीचा. त्यो कवा आणतूस?"

पुढच्या रविवारी 'पाथेर पांचाली' नेतोय. दुधनाताई, तुम्ही पाहिलात का?

दुधना

पाहिला. हार पाण्यात टाकला तिथं आईनं माझा हात धरला, तो संपेपर्यंत सोडला नाही.